दावा ‘वादी गैरहजर’ म्हणून काढून टाकला, ३० दिवसही उलटले. आता काय करता येईल? (सोलापूर दिवाणी कोर्ट)

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड | १५ सप्टेंबर २०२५, सकाळी ९.४०

सोलापूरच्या दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्या कोर्टातला वसुलीचा दावा आहे. टॉवेल-नॅपकिनचा माल उधारीवर दिला होता, त्याचे २ लाख ६० हजार रुपये आणि त्यावरचं व्याज. बिलं २०२१ मधली, दावा २०२३ मध्ये दाखल केलेला. प्रतिवादीने कैफियत (लेखी उत्तर) दिली, इश्यू (वादाचे मुद्दे) निघाले आणि वादीच्या पुराव्यासाठी तारखा पडत होत्या. सरतपासणीचं (आमच्या स्वतःच्या साक्षीचं) प्रतिज्ञापत्र द्यायचं होतं, त्यासाठी आधीच दोनदा मुदत अर्ज झाले होते.

४ ऑगस्टची तारीख वकिलांच्या डायरीत १४ ऑगस्ट अशी लिहिली गेली. ४ तारखेला आमच्या बाजूने कोर्टात कोणीच नव्हतं. निशाणी १ (कोर्टाच्या फाइलमधला कागदाचा क्रमांक) वरचा आदेश असा आहे: “वादी व त्यांचे वकील पुकारा करूनही गैरहजर. प्रतिवादीचे वकील हजर. दावा काढून टाकण्यात येतो.” हे आम्हाला ९ सप्टेंबरला ई-कोर्ट्स ॲपवर दिसलं. नकलेचा अर्ज १० तारखेला दिला आहे, नक्कल अजून हातात नाही.

विचारायचं असं की, याच्यावर अपील करायचं, नवा दावा टाकायचा की आणखी काही? ३० दिवस आदेशापासून धरायचे, कळल्यापासून की नक्कल मिळाल्यापासून? आणि वकिलाच्या डायरीतली चूक हे कारण कोर्टात चालतं का? प्रतिवादी बाजारात सांगत फिरतोय की केस संपली, त्यामुळे जरा घाई आहे.

---

बार्शीकर | सकाळी १०.१५

गैरहजेरीत काढलेला दावा म्हणजे निकाल नव्हे. गुणदोषावर काहीच ठरलेलं नाही, त्यामुळे पूर्वनिर्णयाची बाधा (निकाल लागलेला वाद पुन्हा आणता येत नाही हा नियम) येत नाही. नवीन स्टॅम्प लावा आणि नवा दावा टाका. जुन्यामागे पळण्यात वेळ जातो.

---

दिवाणीबाजू | सकाळी १०.५०

बार्शीकर, पूर्वनिर्णयाबद्दल तुमचं बरोबर आहे, पण सल्ला या दाव्याला लागू पडत नाही. आदेशात “प्रतिवादीचे वकील हजर” हे शब्द आहेत आणि सगळा फरक तिथेच पडतो.

दोन्ही बाजू गैरहजर असतील तर दावा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ९ रूल ३ खाली काढला जातो. तिथे रूल ४ प्रमाणे दोन वाटा मोकळ्या असतात: मुदत शिल्लक असेल तर नवा दावा, नाहीतर तोच दावा मूळ नंबरवर घेण्याचा, म्हणजे पुन्हा चालू करण्याचा, अर्ज. प्रतिवादी हजर आणि फक्त वादी गैरहजर असेल तर तो रूल ८ चा आदेश होतो. त्यानंतर रूल ९ सरळ सांगतो की त्याच दाव्याच्या कारणावर नवा दावा आणता येणार नाही. राहतो एकच उपाय, तो म्हणजे आदेश रद्द करून दावा पुन्हा मूळ नंबरवर घ्यावा असा अर्ज.

नवा दावा इथे मुदतीतही बसत नाही. विकलेल्या मालाच्या किमतीला तीन वर्षं. कोविडमुळे सुप्रीम कोर्टाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ वगळला होता, तो धरला तरी २०२१ च्या बिलांची तीन वर्षं फेब्रुवारी २०२५ अखेर संपतात. मधल्या काळात प्रतिवादीने लेखी कबुली दिली असेल किंवा काही रक्कम भरली असेल तर हिशेब बदलेल, पण रूल ९ ची आडकाठी तरीही राहतेच. जुना दावा दोन वर्षं चालला तो काळही वजा मिळत नाही. मुदतीच्या कायद्याचं कलम १४ चुकीच्या कोर्टात गेलेल्या माणसासाठी आहे, गैरहजर राहिलेल्यासाठी नाही.

अपीलही नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २(२) मधल्या व्याख्येतूनच गैरहजेरीत काढून टाकल्याचा आदेश वगळलेला आहे. तो हुकूमनामा (डिक्री) नाही, म्हणून कलम ९६ चं अपील बसत नाही. काही जण जिल्हा न्यायालयात अपील दाखल करतात, ते चालण्याजोगं नाही असं ठरेपर्यंत महिने जातात आणि मग परत मूळ कोर्टात विलंब माफी मागत यावं लागतं.

मात्र पूर्ण आदेश आणि रोजनामा (कोर्टाची तारीखवार नोंद) वाचल्याशिवाय अर्ज लिहायला बसू नका. तुमचा दावा पुराव्याच्या टप्प्यावर होता. अशा वेळी काही आदेशांत “वादीने पुरावा दिला नाही, दावा शाबीत नाही, सबब नामंजूर” असंही लिहिलेलं सापडतं. तो गुणदोषावरचा निकाल ठरू शकतो आणि मग उपाय अपील हाच. १९७६ च्या दुरुस्तीनंतर ऑर्डर १७ रूल ३ स्पष्ट आहे: पक्षकार हजर असून पुरावा देत नसेल तर कोर्ट तिथल्या तिथे निकाल देऊ शकतं, पण पक्षकारच गैरहजर असेल तर रूल २ कडे, म्हणजे पुन्हा ऑर्डर ९ कडे जायचं. अपवाद एवढाच की गैरहजर बाजूचा पुरावा पूर्ण किंवा बराचसा झाला असेल तर ती हजर आहे असं समजून कोर्ट पुढे जाऊ शकतं. तुमचा तर सुरूच झाला नव्हता. तुम्ही दिलेला मजकूर शब्दशः तोच असेल तर हा रूल ८ चाच आदेश आहे.

---

नक्कल_विभाग | सकाळी ११.३०

मुदतीच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण यात फार माणसं अडकतात.

मुदतीच्या कायद्याच्या परिशिष्टात अनुच्छेद १२२ बघा. गैरहजेरीत काढलेला दावा पुन्हा घेण्याच्या अर्जाला ३० दिवस, आणि ते दावा काढल्याच्या तारखेपासून. कळल्यापासून नाही. कळल्याची तारीख अनुच्छेद १२३ मध्ये आहे, पण तो एकतर्फी हुकूमनामा झालेल्या प्रतिवादीसाठी आणि तोही समन्स नीट बजावलं नसेल तेव्हाच. वादीला स्वतःच्या दाव्याची तारीख माहीत असणार असं कायदा धरून चालतो.

नकलेचे दिवसही वजा होत नाहीत. कलम १२(२) ची वजावट अपील, अपिलाची परवानगी, रिव्हिजन आणि रिव्ह्यू यांना आहे. मूळ नंबरवर घेण्याचा अर्ज त्या यादीत नाही. म्हणून नकलेसाठी थांबू नका. ई-कोर्ट्सवरून आदेशाची प्रत काढा, अर्जासोबत लावा आणि “प्रमाणित नक्कल मागितली आहे, मिळताच दाखल करतो” असं अर्जातच लिहून नक्कल अर्जाची पोच जोडा.

तुमचा हिशेब: ४ ऑगस्ट हा दिवस सोडायचा, ५ ऑगस्ट पहिला दिवस. ऑगस्टचे २७ दिवस, म्हणून तिसावा दिवस ३ सप्टेंबर. उद्या १६ ला अर्ज दाखल झाला तर विलंब १३ दिवसांचा. ४१ किंवा ४३ दिवसांचा विलंब असं लिहू नका. कायद्याने दिलेले ३० दिवस विलंब नसतात आणि चुकीचा आकडा पडला की समोरचे वकील त्यावरच बोलत राहतात. उलट आकडा कमी पडला तर दुरुस्तीचा अर्ज द्यावा लागतो, तेव्हा दाखल करायच्या दिवशी बोटावर मोजून घ्या. शेवटचा दिवस कोर्टाच्या सुट्टीत आला असता तर कलम ४ प्रमाणे उघडल्याच्या दिवशी अर्ज चालला असता. तुमचा ३ सप्टेंबर बुधवार होता. त्या दिवशी कोर्ट चालू होतं का तेवढं कॅलेंडरवर तपासा.

---

दिवाणीबाजू | दुपारी १२.२०

आता अर्ज. एक नाही, दोन द्या. पहिला ऑर्डर ९ रूल ९ खाली दावा मूळ नंबरवर घेण्यासाठी. दुसरा मुदतीच्या कायद्याच्या कलम ५ खाली १३ दिवसांचा विलंब माफ करण्यासाठी. दोन्हींना वेगळी प्रतिज्ञापत्रं. विलंबाचा अर्ज आधी ऐकला जातो, तो मंजूर झाल्यावर मूळ अर्जाला हात लागतो. दोन्ही अर्जांतली कारणं वेगवेगळी आहेत हे लिहिणाऱ्याने नीट समजून घ्यायला हवं. पहिल्यात फक्त “४ ऑगस्टला का नव्हतात” याचं उत्तर. दुसऱ्यात “३ सप्टेंबरपर्यंत अर्ज का दिला नाही आणि ४ पासून दाखल तारखेपर्यंत काय केलं” याचं उत्तर. बहुतेक अर्जांत ही दोन्ही एकाच परिच्छेदात कालवलेली असतात आणि मग एकही धड सिद्ध होत नाही.

आणि इथेच तुमच्या मजकुरात एक कच्ची जागा आहे. डायरीत १४ ऑगस्ट लिहिलं होतं, ठीक. मग १४ ऑगस्टला तुमचे वकील कोर्टात गेलेच असतील. त्या दिवशी बोर्डावर (दिवसाच्या प्रकरणांच्या यादीत) दावा नव्हता. ते त्यांना दिसलं असणार. तेव्हा मुदतीचे २० दिवस हातात होते. १४ ऑगस्ट ते ९ सप्टेंबर काय झालं? प्रतिवादीचे वकील पहिला प्रश्न हाच विचारतील. त्याचं उत्तर अर्जात आधीच असायला हवं.

---

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड | दुपारी १.०५

आत्ताच वकिलांशी बोललो. १४ ला त्यांचे ज्युनिअर गेले होते. बोर्डावर दावा दिसला नाही म्हणून त्यांना वाटलं की तारीख पुढे गेली असेल, नंतर नेटवर बघू. मग ते राहूनच गेलं. अर्जात “९ सप्टेंबरला प्रथम समजले” एवढंच लिहिलं तर चालेल का?

---

दिवाणीबाजू | दुपारी १.४०

नाही. तसं लिहू नका. पक्षकाराला ९ ला समजलं हे खरं आहे, तेवढं लिहा. पण ज्युनिअर वकील १४ ला कोर्टात गेले आणि बोर्डावर दावा नसूनही निकालाची खात्री केली नाही, हेही त्याच अर्जात येऊ द्या, आणि त्यासाठी ज्युनिअर वकिलांचं स्वतंत्र प्रतिज्ञापत्र लावा. डायरीच्या ४ आणि १४ ऑगस्टच्या पानांच्या झेरॉक्स जोडा. ४ च्या पानावर हा दावा नाही आणि १४ च्या पानावर आहे, हे कागदावर दिसलं की चुकीची नोंद शाबीत होते. विलंबाच्या अर्जात लपवाछपवी उघडी पडली की तेरा दिवससुद्धा भारी होतात. उलट कारण साधं पण खरं असेल तर त्याचं वजन पडतं. एन. बालकृष्णन विरुद्ध एम. कृष्णमूर्ती या १९९८ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की विलंब किती लांबला यापेक्षा खुलासा पटण्यासारखा आहे का ते पाहायचं.

वकिलाच्या चुकीबद्दल. रफिक विरुद्ध मुन्शीलाल (१९८१) सगळे दाखवतात: पक्षकाराने वकील नेमला, फी दिली, आता वकील आला नाही म्हणून निरपराध पक्षकाराला शिक्षा का? तो निकाल उपयोगी आहे. पण त्याच्यावरच विसंबू नका. राजनीश कुमार विरुद्ध वेद प्रकाश (२०२४) मध्ये सुप्रीम कोर्टाने सगळं खापर वकिलावर फोडून मोकळं होता येणार नाही, पक्षकारानेही आपल्या केसवर लक्ष ठेवायला हवं असं सांगितलंय. तुमच्या बाजूने काय दाखवता येईल? आधीच्या तारखांना तुम्ही स्वतः किंवा कारखान्याचा माणूस हजर होता का ते रोजनाम्यात सापडेल. फी दिल्याच्या नोंदी, वकिलांना तारीख विचारल्याचे व्हॉट्सॲप मेसेज आणि स्वतःच ॲप उघडून पाहिलं ही गोष्ट, हे सगळं जोडा.

तुमच्या वकिलांनी स्वतःच्या चुकीचं प्रतिज्ञापत्र दिलं तर ते त्या मुद्द्यावर साक्षीदार होतात. साक्षीदार ठरणाऱ्या वकिलाने त्याच प्रकरणात उभं राहू नये असा बार कौन्सिलचा नियम आहे. ज्युनिअरांनी प्रतिज्ञापत्र द्यावं आणि युक्तिवाद सीनिअरांनी करावा, किंवा सरळ दुसऱ्या वकिलांचं वकीलपत्र दाखल करावं. दुसरे घेणार असाल तर आधीच्या वकिलांची ना-हरकत त्याच वकीलपत्रावर घ्या. त्यात राग धरण्यासारखं काही नाही आणि बहुतेक वकील ते समजून घेतात.

अर्जात आणखी एक गोष्ट घाला. ज्यासाठी तारखा पडत होत्या ते सरतपासणीचं प्रतिज्ञापत्र, बिलांची व डिलिव्हरी चलनांची यादी, खातेउतारा, सगळं तयार करून अर्जासोबत सादर करा आणि “दावा मूळ नंबरवर येताच पुढच्या तारखेला हे दाखल करतो, उलटतपासाला हजर राहतो” असं हमीपत्र द्या. ऑर्डर १७ रूल १ मध्ये एका पक्षकाराला दाव्याच्या सुनावणीत तीनपेक्षा जास्त मुदती देऊ नयेत असं आहे. तुम्ही दोन घेतलेल्या आहेत. समोरून “हे लोक दावा चालवतच नाहीत” हा मुद्दा येणारच. कायद्याने पाहायचं ते त्या एका दिवसाच्या गैरहजेरीचं कारण. जी. पी. श्रीवास्तव विरुद्ध आर. के. रायजादा (२०००) मध्ये सुप्रीम कोर्टाने मागच्या तारखांची गैरहजेरी उकरून काढायची नाही असं म्हटलंय, पण तो एकतर्फी हुकूमनाम्याचा निकाल आहे. प्रत्यक्षात न्यायाधीश रोजनामा उलटून पाहतातच. तयार प्रतिज्ञापत्र समोर असलं की त्या आक्षेपातली हवा जाते.

विनंतीचं कलम नीट लिहा: ४ ऑगस्टचा आदेश रद्द करावा, दावा मूळ नंबरवर आणि त्याच टप्प्यावर घ्यावा. खर्च भरायची तयारी आहे हेही लिहा. रूल ९ मध्येच कोर्टाला खर्चाबाबत योग्य त्या अटी घालता येतात. खर्च घातला तर आदेशातल्या मुदतीत भरून पावती रेकॉर्डवर आणा. मंजूर झालेला अर्ज खर्च न भरल्यामुळे वाया जातो, आणि तो दुसरा खुलासा पहिल्यापेक्षा अवघड असतो.

---

नक्कल_विभाग | दुपारी २.२५

भरीला थोडं. मूळ दाव्याचा नंबर, सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक (ई-कोर्ट्सवर प्रत्येक प्रकरणाला मिळणारा), आदेशाची तारीख आणि निशाणी अर्जाच्या डोक्यावर ठळक लिहा. निकाली झालेला दावा रेकॉर्ड रूमला गेला असेल तर तो मागवावा लागतो आणि नंबर चुकला की तिथेच तारखा जातात. अर्जावर कोर्ट फी स्टॅम्प, वकीलपत्र, पत्त्याचं मेमो आणि प्रतिवादी जितके तितक्या प्रती. दाखल केल्यावर तो किरकोळ अर्ज म्हणून वेगळ्या नंबरने नोंदतात. तो नवा नंबर आणि नवा सीएनआर लगेच लिहून घ्या. जुन्या नंबरवर ॲप बघत बसलात तर तिथे “निकाली” एवढंच दिसत राहील आणि नव्या अर्जाच्या तारखा चुकतील.

आणि वाचणाऱ्या इतरांसाठी: दावा सकाळी काढला गेला आणि त्याच दिवशी दुपारी कळलं, तर त्याच दिवशी अर्ज द्या. समोरचे वकील कोर्टातच असतात, त्यांना जागेवर प्रत देता येते आणि नोटीस काढण्यात जाणारे महिने वाचू शकतात.

---

मोहोळची_लेक | दुपारी ४.१०

थोडा वेगळा प्रश्न, पण याच धाग्यात विचारते. शेतजमिनीचा दावा आहे, तिघे भावंडं वादी. तूर्तातूर्त (दावा चालू असेपर्यंतचा) मनाई हुकूम मिळालेला होता. मुख्य दावा वादी गैरहजर म्हणून मागच्या आठवड्यात निघाला. प्रतिवादीने बांध फोडायला जेसीबी आणला आहे. मनाई अजून लागू आहे का? आणि एक भाऊ त्या दिवशी कोर्टाच्या आवारात होता, पण पुकाऱ्याला आत नव्हता.

---

दिवाणीबाजू | सायंकाळी ५.००

ताई, दावा निघाला की अंतरिम मनाईही त्याच्याबरोबर जाते. आज ती लागू नाही, म्हणून पोलीस ठाण्यात जुना आदेश दाखवून उपयोग होणार नाही. दावा पुन्हा मूळ नंबरवर आला की पूरक आदेशही जिवंत होतात, कोर्टाने वेगळं सांगितलं नसेल तर. वरीद जेकब विरुद्ध सोसम्मा गीवर्गीस (२००४) हा त्यावरचा सुप्रीम कोर्टाचा निकाल. तरीही अर्जात “नि. ५ वरचा मनाई हुकूम पूर्ववत करावा” अशी स्वतंत्र विनंती लिहा (तुमच्या दाव्यात जो निशाणी नंबर असेल तो). शंकेला जागा ठेवू नये. निकालापूर्वीची जप्ती असती तर गोष्ट वेगळी: ऑर्डर ३८ रूल ११-अ मध्ये स्पष्ट आहे की दावा पुन्हा घेतला म्हणून अशी जप्ती आपोआप परत येत नाही.

मधल्या काळाचं काय, हा तुमचा खरा प्रश्न. तुम्ही अजून ३० दिवसांच्या आत आहात, विलंबाचा अर्ज लागत नाही, म्हणजे उद्याच दाखल करता येईल. त्यासोबत जैसे थे परिस्थिती ठेवण्याचा वेगळा अर्ज द्या. जेसीबीचे आज तारीख-वेळेसह काढलेले फोटो, चालू सातबारा, मोजणीचा नकाशा असेल तर तो आणि जुन्या मनाई हुकमाची प्रत लावा. तातडीचं कारण लिहून त्याच दिवशी ऐकण्याची विनंती करा.

आवारातल्या भावाबद्दल. एकापेक्षा जास्त वादींपैकी एक जण जरी हजर असेल तर ऑर्डर ९ रूल १० प्रमाणे कोर्ट त्याला पुढे चालवू देऊ शकतं. मात्र हजर म्हणजे पुकाऱ्याला कोर्टासमोर. त्या दिवशी गेटवर किंवा आवारात असल्याने ती हजेरी होत नाही, पण गैरहजेरीचं पुरेसं कारण दाखवायला ते उपयोगी पडतं: आलो होतो, पुकारा ऐकू आला नाही, कळताच अर्ज दिला. भावाचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र लावा.

प्रतिवादीने प्रतिदावा केला होता का तेही बघा. वादीचा दावा निघाला तरी प्रतिदावा ऑर्डर ८ रूल ६-ड प्रमाणे चालू राहतो. दावा निघाला म्हणून घरी बसलात तर तिकडे तुमच्याविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा होईल.

आणि जमीन विकली जाण्याची भीती असेल तर महाराष्ट्रात एक जादा पायरी आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५२ आपल्याकडे १९३९ च्या दुरुस्तीने बदललेलं आहे. दावा प्रलंबित असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेली असेल तरच खरेदीदारावर ते कलम चालतं. नोंदवली नसेल तर दावा मूळ नंबरवर येताच हे काम करून टाका.

---

बार्शीकर | सायंकाळी ५.४५

माझी चूक मान्य. रूल ४ आणि रूल ९ मी एकच धरत होतो. मग प्रोसेस फी (समन्स-नोटीस बजावण्याची फी) भरली नाही म्हणून जो दावा निघतो, त्याला नवा दावा चालतो ना?

---

नक्कल_विभाग | सायंकाळी ६.१५

चालतो, मुदत शिल्लक असेल तर. समन्सची फी किंवा दाव्याच्या प्रती दिल्या नाहीत आणि त्यामुळे समन्स बजावलं गेलं नाही, तर तो रूल २ चा आदेश. त्याला रूल ४ लागतो, म्हणजे नवा दावा किंवा पुन्हा घेण्याचा अर्ज, आणि त्या अर्जालाही ३० दिवसच. समन्स न बजावता परत आलं आणि ते परत आल्यापासून ७ दिवसांत वादीने नव्या समन्ससाठी अर्ज केला नाही, तर दावा रूल ५ खाली निघतो. पूर्वी ही मुदत जास्त होती, दुरुस्तीनंतर सातच दिवस राहिले आहेत. “पत्ता अपूर्ण”, “घर बंद” असा शेरा आला की पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही.

कोर्ट फी कमी पडली आणि दिलेल्या मुदतीत भरली नाही, तर ते प्रकरण निराळं. तिथे ऑर्डर ७ रूल ११ खाली वादपत्रच नाकारलं जातं. तो आदेश कायद्याने हुकूमनामा मानला जातो, म्हणून त्याला अपील आहे, आणि रूल १३ प्रमाणे नवं वादपत्रही देता येतं. नाव एकाच प्रकारचं वाटतं, “दावा काढला”, पण दरवाजे तीन वेगळे आहेत. कुठला उघडायचा ते आदेशातली एक ओळ सांगते.

एखादी गोष्ट करायला कोर्टाने दिलेली मुदत संपत आली असेल तर संपण्याआधीच दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८ खाली वाढवून मागा. ती संपल्यावरही वाढवता येते, पण आधी दिलेल्या अर्जाला खुलासा कमी लागतो. कलमात एकूण ३० दिवसांची मर्यादा आहे. सालेम ॲडव्होकेट बार असोसिएशन (२००५) प्रकरणात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की पक्षकाराच्या हाताबाहेरच्या कारणासाठी कोर्ट त्यापलीकडेही जाऊ शकतं.

---

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड | रात्री ८.३०

दोन्ही अर्ज लिहून झाले, ज्युनिअर वकिलांचं प्रतिज्ञापत्रही तयार आहे. उद्या सकाळी दाखल करतोय. दोन शंका राहिल्या. अर्ज नामंजूर झाला तर पुढे कुठे जायचं? आणि प्रतिवादीने दुकान हलवलं आहे, नोटीस जुन्या पत्त्यावर लागेल का?

---

दिवाणीबाजू | रात्री ९.१०

रूल ९ चा अर्ज नामंजूर झाला तर त्या आदेशावर ऑर्डर ४३ रूल १(क) प्रमाणे अपील आहे, ते इथेच जिल्हा न्यायालयात. मुदत ३० दिवस आणि इथे मात्र नकलेचे दिवस वजा होतात, म्हणून नकलेवरच्या तीन तारखा जपून ठेवा: अर्ज दिल्याची, तयार झाल्याची, घेतल्याची. त्या अपिलाच्या निकालावर दुसरं अपील नाही, कलम १०४(२) ने ते बंद केलंय. पुढे जायचं झालं तर हायकोर्टात, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर जिल्ह्याची प्रकरणं मुंबईऐवजी कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात. रूल ४ खालचा अर्ज नामंजूर झाला तर मात्र असं अपील नाही, हे बार्शीकरांनी लक्षात ठेवावं.

नोटिशीचं: रूल ९(२) प्रमाणे समोरच्याला नोटीस दिल्याशिवाय हा आदेश होऊच शकत नाही. जुना आणि नवा, दोन्ही पत्ते मेमोत द्या. नव्या जागेची खूण, गाळा नंबर, शेजारचं दुकान असं लिहा, म्हणजे बेलीफला परत यावं लागत नाही. उद्या दाखल करतानाच एक प्रत मूळ दाव्यातल्या त्यांच्या वकिलांना देऊन पाहा. ते वकीलपत्र घेऊन स्वतःहून हजर झाले तर नोटिशीचा प्रश्नच मिटतो. त्यांनी नकार दिला तर नोटीस काढण्याचा आदेश होईल, त्याच दिवशी प्रोसेस फी भरा.

कारण हा किरकोळ अर्जसुद्धा गैरहजेरीत किंवा फी न भरल्याने निघू शकतो. कलम १४१ च्या स्पष्टीकरणामुळे ऑर्डर ९ ची कार्यवाही त्यात येते, म्हणून तोही पुन्हा घेण्यासाठी अर्ज करता येतो, पण तेव्हा डायरीतल्या चुकीचं कारण दुसऱ्यांदा सांगता येणार नाही. पुढची तारीख पडली की ती वकिलांच्या डायरीत, तुमच्या कारखान्याच्या कॅलेंडरवर आणि मोबाइलमध्ये अशी तीन ठिकाणी लिहा, आणि आदल्या संध्याकाळी ॲपवर नव्या सीएनआरने तपासा.